साडेतीन सुतांचा पाना



आज मी तुमच्याशी एका पान्याविषयी बोलणार आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने पाने आणि पकडी यांत हात का घालावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण घालू नये तिथे मी एकदा हात घातला आणि त्याची किंमत माझ्या गावातल्या अकरा पोरांनी मोजली, म्हणून बोलतो. शिवाय आकाशवाणीवर बसून दूरचित्रवाणीच्या तारेची दुरुस्ती सांगायची, म्हणजे आपल्या ओट्यावरून शेजारणीच्या चुलीत फुंकर घालण्यासारखेच आहे. परंतु चूल पेटली नाही की धूर आपल्याही घरात येतो.

तुमच्या घराच्या छपरावर किंवा भिंतीला डिश बसवलेली असेल. तिच्यापासून पेन्सिलीएवढी जाड एक काळी तार खाली येते आणि टीव्हीजवळच्या पेटीला, म्हणजे सेट टॉप बॉक्सला, जोडली जाते. शहरात केबलवाल्याच्या खांबावरून जी तार घरात येते तीही याच जातीची. या तारेच्या टोकाला सहा कोनांचा एक चकचकीत नट असतो. त्याला एफ कनेक्टर म्हणतात. हा नट आवळायचा आणि सैल करायचा जो हातातला पाना, तोच आजचा विषय.

आमचे गाव भोरच्या वर, नीरा-देवघर धरणाच्या पाठीमागे, हिरडस मावळात आहे. पावसाळ्यात चार महिने डोंगर ढगांत बुडालेला असतो. फोनची रेंज धरायला पोरे टेकाडावरच्या वडाखाली जाऊन उभी राहतात. २०२० साली करोनामुळे कॉलेज बंद पडले आणि मी घरची मंडळी घेऊन गावी येऊन राहिलो. शाळाही बंदच होती. जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची पाठांची मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना घरबसल्या शिकता यावे, हा तिचा हेतू. ज्यांच्या घरी चांगला फोन आणि रेंज होती त्यांच्यापुढे दुसरे मार्ग होते. आमच्या वाडीतल्या पोरांपुढे हा एकच होता, आणि वाडीत चालू स्थितीतला टीव्ही दोन घरांत. त्यांतले एक घर आमचे.

शाळेच्या बाई एक दिवस दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या पडवीत मुलांना बसवू का? लांब लांब बसवीन, तोंडाला रुमाल बांधायला लावीन." मी म्हटले, "बाई, विचारता काय?" दुसऱ्या दिवसापासून अकरा पोरे यायला लागली. टीव्ही खिडकीत फिरवून ठेवला. ज्या इयत्तेचा पाठ असेल ती पोरे पुढे, बाकीची मागे. पाठ संपला की बाई तोच धागा पकडून पुढे शिकवीत. एकंदरीत झकास चालले होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी चित्र फुटायला लागले. आधी चौकोन पडायचे, मग आवाज अडखळायचा, मग सगळेच काळे, आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी. वडील म्हणाले, "ढग उतरलाय वर. जरा दम धर." हे खोटे नव्हे. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरी फार बारीक, अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या असतात, आणि मुसळधार पावसात त्या वाटेतच क्षीण होतात. पण पाऊस थांबला की चित्र आपोआप परत यायला हवे. आमच्याकडे उघडीप पडली तरी ते येत नसे. उलट खिडकीतला टीव्ही जरा सरकवला, केर काढताना तारेला धक्का लागला, की बिघडे किंवा कधी सुधारे. रोग कुठे आहे ते रोग स्वतःच सांगत होता. ऐकायला कान हवे होते.

मी मात्र कानाऐवजी हात चालवला. घरात एक जुनी पक्कड होती. शिडी लावून गोठ्याच्या भिंतीवरच्या डिशपाशी गेलो. डिशच्या समोर दांडीवर जो डोळा असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, त्याच्या बुडाशी तार जोडलेली असते. तो नट मी पकडीत धरला आणि पिळला. हलला नाही. अंगातला जोर लावून आणखी पिळला. आतून 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि नटाबरोबर ज्या आट्यांवर तो बसतो ती नळीसुद्धा गरकन फिरली. खाली आलो तेव्हा टीव्हीवर चौकोनही नव्हते, नुसती पाटी.

त्यानंतर दहा दिवस टीव्ही बंद होता. तालुक्याची बाजारपेठ कधी उघडी, कधी बंद; डिशवाल्याला फोन लावावा तर तो म्हणे, गावात शिरू देत नाहीत. बाई पोरांना घेऊन बसतच होत्या, फळा आणि पुस्तक घेऊन. पण तिसरीतली एक चिमुरडी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि खिडकीतल्या काळ्या काचेकडे पाहून मला विचारायची, "काका, आज टीव्ही हाय का?" मी दहा वेळा 'नाही' म्हणालो. प्राध्यापकीत इतके अवघड उत्तर मला कोणी द्यायला लावले नव्हते.

अकराव्या दिवशी डिशवाला मुलगा मोटारसायकलवरून आला. वय बावीस-तेवीस. वर चढला, पाहिले, आणि खाली येऊन विचारले, "सर, पक्कड लावली होती काय?"

"हो."

"किती पिळलंत?"

"बसेल तेवढं."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "वरचा जोड चांगला होता. मागल्या वर्षी मीच बसवलाय. आता एलएनबी बदलावा लागेल. पण तुमचा पहिला आजार वर नव्हता, सर. बघा." आणि त्याने पेटीच्या मागचा नट दोन बोटांनी फिरवून दाखवला. तो नुसता आट्यांवर टेकलेला होता. तिथून हातभर अंतरावर, भिंतीतून तार आत येते तिथे दोन तारांचा एक सांधा होता. त्याच्यात पाणी उतरून हिरवा गंज चढला होता. म्हणजे हाताशी असलेला रोगी सोडून मी शिडी लावून धडधाकट माणसाचा हात मोडला होता.

त्याने खिशातून एक छोटासा पाना काढला. वीतभरही नव्हता. नवा एलएनबी लावला, बोटांनी नट फिरवला, मग पाना लावून जरासा दाबला. पान्यातून 'टक्' आवाज आला आणि त्याने हात काढून घेतला. मी म्हटले, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच. तो सांगतो, बस्स म्हणून."

हा 'बस्स' म्हणणारा पाना माझ्या डोक्यात बसला. पुढे मिळेल तिथून त्याची माहिती काढली, ती आता सांगतो.

आधी तार समजून घेऊ. केळीचा खांब आडवा चिरला तर थरावर थर दिसतात, तशी ही तार आहे. मधोमध एकच तांबड्या रंगाची सळई, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिच्याभोवती पांढरा फेसाळ प्लॅस्टिकचा थर. त्याच्यावर अॅल्युमिनियमचा वर्ख, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी, आणि सगळ्यांच्या वर काळी साल. मधली तार आणि भोवतीची जाळी यांचा मध्य एकच, म्हणून तिला कोअॅक्सियल म्हणतात. आपण समाक्ष तार म्हणू. अशा तारेचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड याने १८८० साली घेतले. अमेरिकेत एस्पेनशीड आणि अॅफेल या दोघांनी १९२९ साली तिला आजच्या कामाचे रूप देण्यासाठी अर्ज केला.

यातली गंमत अशी, की संदेश नुसत्या मधल्या तारेतून जात नाही. तो चालतो तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून. रानातल्या पाटाचे पाणी जसे दोन काठांच्या मधून चालते, तसे. पाटाचा काठ एका ठिकाणी खचला तर काय होते? पाणी बाहेर जाते, आणि बाहेरचा गाळ आत येतो. जोडावरचा नट सैल असला की जाळीचा काठ तिथे खचतो. डिशच्या तारेतून जे संदेश उतरतात त्यांची कंपने ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात, आणि आपल्या मोबाईल फोनचे काही पट्टे नेमके याच्याच आत पडतात. म्हणून सैल जोडाजवळ फोन वाजला की कोणाकोणाचा टीव्ही उचकी देतो. टीव्हीत बिघाड नसतो. काठ फुटलेला असतो.

आता हा नट. त्याचे माप सात-सोळांश इंच. आपल्या सुतार-गवंड्यांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा हे झाले बरोबर साडेतीन सूत. मिलिमीटरमध्ये ११.११. आता मेट्रिकच्या मुलखात हा नट इंचांतच का राहिला, याचा शोध घेत गेले की आपण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात जाऊन पोचतो, तेही कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागात. मला हे वाचून आपलेच मावळ आठवले.

१९४८ च्या सुमाराची गोष्ट. तिकडे टीव्ही नुकते विकायला आले होते. फिलाडेल्फिया शहरातून कार्यक्रम प्रसारित होत. महानॉय सिटी नावाचे खाणकामगारांचे गाव तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटर, मध्ये डोंगर. गावात जॉन वॉल्सन नावाचा विजेच्या वस्तूंचा दुकानदार होता. टीव्ही विकायला ठेवले, पण चित्रच दिसत नाही तर घेणार कोण? त्याने डोंगरमाथ्यावर एरियल उभारली आणि लष्कराच्या मोडीतली तार विकत घेऊन ती खाली दुकानापर्यंत ओढत आणली. पुढे लोकांच्या घरोघर जोड दिले. त्याच भागातल्या लान्सफर्ड गावी १९५० साली रॉबर्ट टार्लटन या दुसऱ्या दुकानदाराने काही जणांना जमवून असाच उद्योग काढला आणि त्यासाठी फिलाडेल्फियाच्या जेरॉल्ड कंपनीची यंत्रे वापरली. या कंपनीचा मालक मिल्टन शॅप पुढे त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. जगात आज जिला केबल टीव्ही म्हणतात तिचा जन्म असा, डोंगराआड अडकलेल्या गावांच्या गरजेतून झाला. राजधानीतून कोणी हुकूम काढला नव्हता.

घरोघर जोड द्यायचे म्हणजे हजारो सांधे. प्रत्येक सांधा महाग पडला तर धंदाच बुडेल. तेव्हा १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जेरॉल्डमधल्या एरिक विन्स्टन या अभियंत्याने हा एफ कनेक्टर काढला. त्याची युक्ती काटकसरी संसारी माणसाची आहे. इतर जोडण्यांत मधल्या तारेला सोन्याचांदीचा मुलामा दिलेली वेगळी पिन बसवतात. याने पिनच काढून टाकली. तारेची सळई हीच पिन! तिला एक सूतभर पुढे काढायची, जाळीवर एक नळी दाबून बसवायची, आणि नट फिरवायचा. संपला कनेक्टर.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिचा खर्च नाहीसा झाला असे नव्हे. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या खात्यावर जातो. या कनेक्टरातून कारखान्याने जी अचूकता वाचवली ती तार बसवणाऱ्याच्या हातावर जाऊन पडली. जाळीचा काठ अखंड राहील की नाही, हे सर्वस्वी नट किती आवळला यावर ठरू लागले. आणि हात तर माणसामाणसाचे वेगळे. कोणी बोटांनीच फिरवून सोडतो. तो जोड दिवसाच्या उन्हाने फुगतो, रात्रीच्या गारव्याने आक्रसतो, वाऱ्याने तार झुलते, आणि काही महिन्यांत सैल होतो. कोणी माझ्यासारखा पक्कड लावून नळीच मोडतो. पान्याचा उगम या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

पण साधा पाना का चालत नाही? चालतो, काही अंशी. अकरा नंबरचा दुतोंडी पाना बहुतेक नटांवर बसतो. एखादा नट पुरेपूर साडेतीन सुतांचा असला तर तो जेमतेम अडतो. मग लोक बारा नंबर लावतात. तो खेळतो आणि नटाचे कोपरे खातो. पक्कड तर कोपऱ्यांची वैरीणच. दुसरी अडचण जागेची. एका ठोकळ्यावर चार-चार, आठ-आठ नट शेजारी शेजारी असतात. बोटसुद्धा शिरत नाही, मग पाना कुठून फिरणार? अशा ठिकाणी नटाला सगळीकडून धरणारा रिंगपाना बरा. पण रिंगपाना नटावर चढवायचा तर तो तारेवरून घ्यावा लागेल, आणि तारेचे दुसरे टोक असते छपरावर. कोपराकडून बांगडी चढत नाही, त्यातलाच प्रकार. यावर तोड काढली ती अशी: हातभर नव्हे पण चांगली वीतभर लांब पोलादी नळी घ्यायची, तिच्या तोंडाशी आतून सहा कोन पाडायचे, मागे स्क्रू-ड्रायव्हरसारखी मूठ, आणि नळीला बाजूने उभी चीर ठेवायची. तार त्या चिरेतून आत घ्यायची आणि नळी पुढे सरकवून नटावर बसवायची. बांगडी नाही, पण तोंड उघडे असलेले कडे मनगटावर बाजूने चढते ना? तसे. नट मग कितीही खोल, भिंतीच्या खोबणीत असो, मूठ बाहेर राहते आणि आवळणे-सोडवणे दोन्ही होते. ज्याने कोणी पहिल्यांदा ही चीर पाडली त्याला माझा नमस्कार.

शहरांतल्या काही इमारतींत केबलवाले नटाभोवती एक मोकळी फिरणारी टोपी बसवतात. ती असली की साधा पाना नटाला लागतच नाही. तिच्यासाठी वेगळ्या तोंडाची नळी असते. तो मात्र कुलूप-किल्लीचा मामला, आपल्या गावाला त्याचे काम नाही.

आणि तिसरा तो 'टक्' म्हणणारा. त्याच्या डोक्यात एक स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. ठरलेल्या मापापर्यंत दांडा आणि तोंड एकत्र फिरतात. माप ओलांडले की आतला खटका सुटतो, आवाज होतो आणि जोर पुढे पोचत नाही. बाहेरच्या पक्क्या धातूच्या जोडासाठी हे माप साधारण ३० इंच-पौंड, म्हणजे ३.४ न्यूटन-मीटर धरतात. शिक्षक मित्रांनो, मुलांना हे आकड्यांत सांगू नका. १५ सेंटिमीटरचा एक पाना आडवा धरा आणि टोकाला सव्वादोन किलोची पिशवी टांगा. तेवढा जोर. पोरे हसतील, कारण दप्तर त्याहून जड असते. मी गोठ्यावर उभा राहून किती पिशव्या टांगल्या होत्या याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

हा खटक्याचा पाना सगळ्यांकडे कुठून असणार? नसला तरी अडत नाही. त्या मुलाने मला जी रीत शिकवली ती सांगतो, कारण ती पान्यापेक्षा महत्त्वाची आहे.

सर्वांत आधी पेटीचा प्लग भिंतीतून काढायचा. नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. वरच्या एलएनबीला लागणारी वीज याच तारेतून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. तिने माणसाला झटका बसत नाही. पण जाळीचा एखादा केस मधल्या सळईला लागला तर पेटीला अपाय होऊ शकतो. घरावरून विजेची लाईन गेली असेल, पाऊस असेल, आभाळ गडगडत असेल, तर शिडीला हातच लावू नये. मग नट सोडवून तोंडात पाहायचे. सळई सरळ आहे का, नटाच्या काठाच्या दीड ते तीन मिलिमीटर, म्हणजे फार तर सूतभर, पुढे आहे का, पांढरा फेस आत तळाशी सपाट बसला आहे का. सळई काळी किंवा हिरवी दिसली तर आवळून उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावायचा. आवळण्याने गंज जात नाही.

चांगले असेल तर नट आधी बोटांनीच फिरवायचा. निदान दोन-तीन फेरे तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. एका इंचात ३२ आटे आहेत, म्हणजे एका फेऱ्याला नट पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर सरकतो. इतके बारीक आटे चुकीच्या घाटात शिरायला वेळ लागत नाही. पहिल्याच अर्ध्या फेऱ्यात अडला तर जोर करायचा नाही. उलटा फिरवून काढायचा, सरळ धरायचा, पुन्हा लावायचा. पाना हातात असला की माणसाला इथे धीर राहत नाही, म्हणून त्या मुलाने तोवर पाना खिशातच ठेवला होता. बोटांनी घट्ट झाला की मग पाना, आणि तोही फार तर पाव फेरा. पेटीच्या मागच्या नटाला त्याहून कमी, नुसता एक हलका दाब. कारण तिथली नळी आतल्या नाजूक पट्टीवर डाखाने चिकटवलेली असते. सैल करताना उलटे: नट पान्याने एकदा हलवला की पुढे बोटांनीच काढायचा, आणि दुसऱ्या हाताने तार धरायची, नाहीतर नटाबरोबर तारही पिळवटते.

बाहेरच्या जोडावर रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारी पट्टी हवी. आणि तार भिंतीत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते, सांध्यात शिरत नाही. आमच्याकडे झोळ नव्हता. तार वरून सरळ उतरती भिंतीत घातली होती. पन्हळच म्हणा ना. आमच्या भागातल्या पावसात दुसरे काय होणार!

आपल्याकडे १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरांत केबल पसरली, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने फुकटच्या वाहिन्यांची डिशसेवा सुरू केल्यावर ही तार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत आली. कोळशाच्या खाणींतून निघालेला साडेतीन सुतांचा नट असा आमच्या गोठ्यावर पोचला. काही शहरांत आता याच तारेतून इंटरनेटही येते. तिथे एका घरातला सैल नट नुसता त्याच घराला नडत नाही. त्या फटीतून शिरलेला गोंगाट उलट दिशेने मूळ केंद्राकडे जातो आणि साऱ्या गल्लीचा वेग मंदावतो. अमेरिकेत तर केबलमधून बाहेर गळणाऱ्या लहरी विमानांच्या बोलण्याच्या पट्ट्यात घुसू नयेत म्हणून सरकारी नियम आहेत, आणि गळती हुडकत कंपन्यांच्या गाड्या रस्त्यांनी फिरतात. इथे मला आमच्या गावचे पाटकरी आठवले. पाट कुणाच्याही रानातून जावो, फुटला तर त्यांना जावेच लागे.

त्या दिवशी टीव्ही सुरू झाला तेव्हा पाठाची वेळ टळून गेली होती. डिशवाल्या मुलाने पैसे एलएनबीचे घेतले, मजुरीचे घेतले नाहीत. म्हणाला, "पोरं बसलेली दिसली, सर." मी त्याच्याकडून एक साधा अकरा नंबरचा पाना आणि एक चिरेची नळी मागवून घेतली, आणि बाईंना ही सगळी रीत दाखवली. त्यांनी ती माझ्यापेक्षा लवकर उचलली. पुढे सप्टेंबरात पुन्हा चौकोन पडले तेव्हा मी पुण्याला गेलो होतो, आणि त्यांनी पेटीचा प्लग काढून, नट बोटांनी लावून, पाव फेरा देऊन चित्र आणले. तिसरीतल्या त्या मुलीने म्हणे पाना धरला होता.

शाळा उघडल्यावर दोन्ही हत्यारे शाळेच्या कपाटात गेली. परवा गावी गेलो तेव्हा सहज कपाट उघडून पाहिले. चिरेची नळी जागेवर होती. अकराचा पाना नव्हता. विचारले, तर एका पोराने सांगितले, "पंपाची चाकी सैल झालीय सर, आप्पांनी नेलाय. सांजच्याला देत्याल."